न खाल्लेल्या खर्ऱ्याचे डाग

आमच्या गावात कोण गावचा आणि कोण परका, हे विचारावं लागत नसे. माणूस हसला की समजायचं. जे गावात जन्मले आणि वाढले त्यांचे दात तपकिरी. कुणाचे चहासारखे, कुणाचे कात फासल्यासारखे, मधूनमधून खडूने ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा. आणि लग्न होऊन बाहेरून आलेल्या बायांचे दात मात्र पांढरेशुभ्र. त्यामुळे नवरा-बायकोचं भांडण लागलं की एक पक्ष पांढऱ्या दातांचा आणि एक तपकिरी दातांचा. मिटवायला आलेल्या माणसाला बाजू विचाराव्या लागत नसत. आमच्या लेकी तेवढ्या आपले डाग तोंडात घेऊन दुसऱ्या गावी नांदायला जायच्या आणि तिथं ओठ मिटून हसायला शिकायच्या.

गाव केळापूर तालुक्यातलं. मागे एका कोरड्या वर्षी बोअरची गाडी आली, तिनं जमिनीत खोल भोक पाडलं आणि हापसी बसवून गेली. विहिरीत उन्हाळ्यात गाळ उरायचा, हापसीला मात्र बारमाही पाणी. सगळा गाव तिचे उपकार मानत असे. त्या पाण्यात काहीतरी नको तेवढं आहे आणि ते लेकरांच्या हिरडीत तयार होणाऱ्या दाताला लागतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर ज्याचा त्याचा सिद्धान्त होता. कोणी म्हणे बापाचं रक्त, कोणी म्हणे गुळाचा चहा. माझा सिद्धान्त कौलांचा होता. माझे दुधाचे दात पांढरे होते. पहिला पडला तेव्हा रीतीप्रमाणे तो आपल्या घराच्या कौलावर फेकायचा होता, पण माझा नेम जन्मापासून असा की तो शेजारच्या म्हाताऱ्याच्या कौलावर गेला. नवा आला तो तपकिरी. मी ठरवून टाकलं की अदलाबदल झाली, म्हाताऱ्याचा दात मला आला आणि माझा त्याला गेला. कित्येक दिवस मी त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत असे. त्याला एकही दात नव्हता. त्यामुळे त्याने तो लपवून ठेवलाय, अशी माझी खात्रीच पटली.

मोठा झालो, बारावी कशीबशी ओलांडली आणि पांढरकवड्याच्या एका जिनिंगमध्ये कापूस पाहायच्या कामाला लागलो. बाहेर बैलबंड्या आणि मेटॅडोरची रांग असे. मी एकेका बंडीवर चढायचो, कापसात कोपरापर्यंत हात घालायचो, आतला मूठभर बाहेर काढून धागा ओढायचो आणि माल ओला आहे, डागी आहे की कवडी, ते मालकाला ओरडून सांगायचो. कवडी म्हणजे अळीनं पोखरलेल्या बोंडातला, पिवळा पडलेला कापूस. ती वर्षंच अळीची होती. भाव बसलेला, आणि तो उठेल म्हणून घरोघर कापूस भरून ठेवलेला. लोक त्याच्यावरच झोपत आणि अंगाला खाज सुटली की पाऊस आहे की उन्हाळा हेही न पाहता अंगणात येऊन बसत. अशा दिवसांत माझं काम काय, तर लोकांच्या मालात डाग शोधायचा. एका माणसानं अख्ख्या रांगेसमोर माझा हिशेब चुकता केला.

"भाऊ, माह्या कापसाचा डाग राहू दे बाजूले," तो म्हणाला. "तू पयले आरशात जाऊन तुह्या तोंडातली कवडी पाह्य."

रांग हसली. मीही हसलो, पण खिशातला रुमाल तोंडावर धरून. तो रुमाल मी बारा महिने बाळगत असे. जिनिंगमधल्या अर्ध्या लोकांची समजूत होती की मला कायमची सर्दी आहे, आणि मालकानं तर एकदा दया येऊन मला निलगिरीचं तेल आणून दिलं होतं.

लग्नाचं वय झालं. एक-दोन ठिकाणी पोरगी पाहून आलो. तिकडून निरोप यायचा तो एकच, की मुलगा बरा आहे पण पाण्याच्या गावचा आहे. आसपासच्या गावांत तेवढी कुणकुण होती. माझ्या मामानं मग सूत्रं हातात घेतली. मामा सोयरिकी जुळवण्यात स्वतःला पटाईत समजायचा. जुळलेली सोयरीक आम्हाला कोणाला आठवत नव्हती, पण त्याचा आत्मविश्वास मोठा होता. त्यानं मारेगावचं स्थळ काढलं. इतक्या दूर आपल्या हापसीची कीर्ती गेलेली नाही, असं त्याचं म्हणणं. बस करंजी गावाला पोचली तेव्हा त्यानं माझ्या कानाला लागून बेत सांगितला.

"दाताचं इचारलं तर खर्रा खातो म्हनजो."

खर्रा म्हणजे आमच्याकडचा राष्ट्रधर्म. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोट-घोट घोटायचा आणि चिमूटभर गालात धरायचा. अख्खा जिल्हा खातो. मी मात्र कधी खाल्ला नव्हता. साध्या सुपारीनंसुद्धा माझं डोकं धरायचं. हे मी मामाला सांगितलं.

"अबे, खा कोन म्हन्ते तुले? फक्त सांग. पान्याचा डाग सांगतला का ते म्हनतीन, पुढं लेकराईले बी लागन. खर्रा सांगतला का म्हनतीन, पोरगं आज ना उद्या सोडते. ऐब धुता येते बाबू, पानी नाही धुता येत."

मला हे तर्कशास्त्र त्या वेळी बिनतोड वाटलं. मारेगावला उतरल्यावर मामानं पानठेल्यावरून खर्ऱ्याची एक पुडी घेतली आणि माझ्या शर्टाच्या खिशात अशी खोचली की तिचं टोक बाहेर दिसावं. पुरावा असलेला बरा, म्हणाला.

मुलीचे वडील शाळामास्तर. घरात पाऊल टाकलं आणि समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी: तंबाखूला नाही म्हणा. तिच्या खाली दुसरी, दारूची. तिच्या बाजूला फोटो, गुरुजी हातात फलक घेऊन फेरीच्या पुढे चालताहेत. मामानं माझ्याकडे पाहिलं, मी मामाकडे पाहिलं आणि खिशातलं टोक बोटानं आत दाबू लागलो. दाबताना पन्नी फुटली. तंबाखूचा वास त्या स्वच्छ बैठकीत असा पसरला की गुरुजींचा चष्मा आपोआप माझ्याकडे वळला.

एवढ्यात ती चहा घेऊन आली.

आता तिचं वर्णन करायचं तर मला एका दातापलीकडे जाता येत नाही. वरच्या ओळीतला डावीकडचा सुळा रांग सोडून शेजारच्या दातावर चढून बसला होता, एसटीत मागून येऊन दुसऱ्याच्या सीटवर अर्धा टेकणाऱ्या प्रवाशासारखा. लोक त्याला दातावर दात म्हणतात. कोणी भाग्याचा मानतात, कोणी व्यंग. मला तो दिसला त्याला कारण माझाच बावळटपणा. दात झाकून चहा प्यायचा म्हणून मी ओठ इतके आवळले की कपातला चहा आत न जाता शर्टावर गेला. ती हसली. हसताना तिनं तोंडावर हात नेला नाही, पदर नेला नाही, मान खाली घातली नाही. तो वाकडा दात भर बैठकीत, बापासमोर, पाहुण्यांसमोर, उजेडात आला आणि हसणं संपेपर्यंत तिथंच राहिला. ज्या गावात मी वाढलो तिथं हसण्याला दार होतं आणि ते लोटलेलं असायचं. असं उघडं हसणं मी पहिल्यांदा पाहत होतो. शर्ट भाजत होता आणि मी तसाच बसून होतो.

गुरुजींनी शांतपणे विचारलं, हे दात असे कशाने? मामानं तोंड उघडलं, पण मीच आधी बोलून गेलो, की खर्ऱ्याने जी. का बोलून गेलो? कारण तिला पाहिल्यावर नकार ऐकायची माझी हिंमत संपली होती.

मला वाटलं, आता उठवतात. पण गुरुजींच्या चेहऱ्यावर दिवा लागल्यासारखं झालं. आयुष्यभर ते लोकांना व्यसन सोडा म्हणून सांगत फिरले होते, आणि आज एक व्यसनी आपल्या पायानं चालत त्यांच्या घरी आला होता. ते म्हणाले की मुलं मुलगी पाहायला येतात आणि तोंड धुऊन खोटं बोलतात, या मुलानं कबूल केलं, त्याचा हा खरेपणा मला आवडला. मी मान खाली घातली. त्यांना ती नम्रता वाटली. अट एवढीच पडली की खर्रा सोडायचा. दिवाळीपर्यंत दात स्वच्छ झाले की तारीख काढू.

बाहेर पडल्यावर मामा जाम खूश. माझ्या मात्र चपला घालताना लक्षात आलं की जे मी खातच नाही ते सोडणं सोपं आहे, पण त्यानं दातांना काय फरक पडणार?

पुढचे महिने मी दोन गोष्टींत घालवले: मारेगावला जाण्याची निमित्तं शोधण्यात आणि दात घासण्यात.

पहिलं निमित्त गुरुजींनीच दिलं. त्यांनी शाळेच्या पटांगणात व्यसनमुक्तीची सभा ठेवली आणि मला नमुना म्हणून बोलावलं. मी स्टेजवर उभा, समोर पोरांच्या रांगा, मागे गावकरी आणि बाजूला बायांमध्ये ती. मी नवी कोरी पुडी विकत घेऊन गेलो होतो, ती सगळ्यांसमोर जाळली. टाळ्या पडल्या. मग मागच्या ओळीतून एका म्हाताऱ्यानं उठून विचारलं की बाबू, तू कच्च्या सुपारीचा खात होता का भाजक्या? मला फरक ठाऊक नव्हता. मी म्हणालो, दोन्ही. म्हातारा बसता बसता शेजाऱ्याला म्हणाला, "असा मानूस मी पयल्यांदा पाह्यला." बायांमध्ये हसू फुटलं. त्यात तिचं हसू मला वेगळं ऐकू आलं, निदान मी तसं समजून चाललो, आणि त्या एका हसण्यावर दोन महिने काढले.

रविवारी मी बस धरून मारेगावला जायचो. तिच्या गल्लीच्या तोंडाशी चहाचं हॉटेल होतं, तिथं बसायचो. ती दिसलीच तर बादली घेऊन दिसायची, नाहीतर वाळत घातलेले कपडे काढताना. बोलणं नाही, बोलायची रीतही नव्हती. बहुतेक वेळा ती दिसायचीच नाही आणि मी तिच्या घरच्या दोरीवरची एक पिवळी ओढणी पाहून संध्याकाळच्या बसनं परत यायचो. हॉटेलवाल्याला वाटायचं मी कुठल्या तरी सरकारी खात्याचा गुप्त माणूस आहे. तो मला चहात जास्त साखर घालून द्यायचा. आजही कुठं चहा गोडमिट्ट लागला की मला ती दोरी दिसते.

घासण्याचं म्हणाल तर मी राखुंडी लावली, मीठ लावलं, लिंबू पिळलं, विटेची पूड लावली. मग पांढरकवड्याच्या माझ्या मेकॅनिक दोस्ताकडे गेलो. तो मुसलमान, वडिलांपासूनचं गॅरेज, मोटारसायकलचं काहीही दुरुस्त करायचा. त्यानं माझं तोंड टॉर्च मारून पाहिलं आणि झीरो नंबरचा पॉलिश पेपर काढला.

"इससे मैं प्लग साफ करता हूँ," तो म्हणाला. "तेरे दात कौनसी बडी चीज है? आ कर."

त्यानं पुढचा एक दात घासला. तो शिणशिणायला लागला आणि मी गॅरेजभर उड्या मारू लागलो. डाग जिथल्या तिथं होता. दोस्तानं पेपर उलटा करून पाहिला, पुन्हा दात पाहिला आणि म्हणाला की भाई, ये कार्बन नहीं है, ये तो कंपनीसेच ऐसा आया है.

यवतमाळच्या दातांच्या डॉक्टरांनी तेच जरा सभ्य भाषेत सांगितलं. हे डाग बाहेरून चढलेले नाहीत. लहानपणी हिरडीच्या आत दात बनत असताना त्याच्या वरच्या कवचातच ते बसलेले आहेत. कापड विणून झाल्यावर रंग सांडला तर धुता येतो, पण इथं सूतच रंगलेलं आहे. वरून टोप्या बसवता येतील, पण ते काम मोठं, खर्चाचं, आणि दात तसे मजबूत आहेत तर हात कशाला लावता, असं त्यांचं मत पडलं. कोणत्या गावचे? मी गाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. तुमच्या भागातले पुष्कळ येतात, म्हणाले. हे वाईट नाही हो, हे फक्त दिसतं.

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं, गुरुजींना सांगून टाकायचं. वाटेतलं जोडमोहा यायच्या आधी ठरवलं आणि पांढरकवडा यायच्या आत रद्द केलं. कारण आता सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगायच्या होत्या: पाण्याच्या गावचा आहे, आणि तुम्ही ज्या खरेपणावर भाळलात तो खोटा होता. पहिली त्यांनी गिळली असती कदाचित. दुसरी?

दिवाळी आली. मामा आणि मी फराळाला मारेगावला गेलो. गुरुजींनी मला खिडकीजवळ बसवलं, उजेडाच्या बाजूला, आणि गप्पा मारता मारता माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग मामाला घेऊन आतल्या खोलीत गेले. मी हात धुवायला मागच्या अंगणात आलो. ती पाण्याचा गडवा घेऊन उभी होती. तेवढ्या महिन्यांत ती माझ्या इतक्या जवळ पहिल्यांदाच उभी राहिली होती. पाण्याची धार हातावर सोडत, माझ्याकडे न पाहता ती हळू आवाजात बोलली.

"एक इचारू? आमच्या समोर ठेला हाय. खर्रा खानारा मानूस जवळून गेला तरी वास येते. तुमी आले तवा खिशातून येत होता, तोंडातून नाही. आजही नाही. खरं सांगा, हे दात कायचे हायेत?"

मी धुतलेले हात पुन्हा चोळू लागलो.

"मी कोनाले सांगनार नाही जी. बाबालेही नाही. मले फक्त मायती पायजे."

आज मला मोठेपणा घेऊन लिहिता येईल की मी तिच्या होणाऱ्या लेकरांचा विचार केला, तिला त्या पाण्यात न्यायचं माझ्या जिवावर आलं. तसं काही नाही. एवढे महिने मी एकच वाक्य घोकत होतो आणि कोणी विचारलं की तेच बाहेर पडायचं. तिनं दार उघडं करून ठेवलं होतं आणि मी सवयीनं ते लोटलं.

"खर्ऱ्याचेच हायेत," मी म्हणालो. "सुटूनच नाही राह्यला."

माझे हात केव्हाच धुऊन झाले होते. गडव्यातलं पाणी संपेपर्यंत ती ओतत राहिली. मग म्हणाली, "बरं," आणि आत गेली.

गुरुजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले की याच्यानं होत नाही, आणि मुलीनंही नाही म्हटलं आहे. बसमध्ये करंजीचा फाटा आल्यावर मामा खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "पान्याचेच सांगाचे होते बे." मी त्याला बसमधून ढकललं नाही, ही माझ्या आयुष्यातली एक चांगली गोष्ट धरायला हरकत नाही.

पुढे ती ढाणकीला दिली, असं मामाकडूनच कळलं. माझंही लग्न झालं. बायको आमच्यासारख्याच पाण्याच्या दुसऱ्या गावची. तिचे दात माझ्यापेक्षा एक छटा गडद आहेत, आणि आम्ही घरात दोघंही तोंडभर हसतो. रुमाल तिनंच सोडवला. हे ती वाचणार आहे आणि तिला ढाणकीची गोष्ट ठाऊक आहे. ती मला म्हणते, तुम्ही लिहा, पण त्या पिवळ्या ओढणीचं जरा कमी लिहा. मी कमीच लिहिलं आहे.

पण मनाचं काय करायचं? संसार सुखाचा असतो, लेकरं होतात, आणि तरी बंडीवर चढून कापसात हात घातला की मध्येच कुणाचं तरी हसणं आठवतं आणि माणूस धागा ओढायचा विसरतो.

मालकाला एका वर्षी ढाणकीकडचा माल पाहायचा होता. कोणालाही पाठवता आलं असतं. मीच हात वर केला. तिथं काम तासाभराचं होतं, ते मी अर्ध्या तासात उरकलं आणि बाजारात तिच्या नवऱ्याचं दुकान शोधलं. मोटारी, पाइप, पंपाचं सामान. आत गेलो आणि काय पाहिजे म्हटल्यावर तोंडाला आलं ते फूटव्हॉल्व, पाइपाच्या विहिरीतल्या टोकाला बसवतात तो. माझ्याकडे मोटार नव्हती, विहीरही नव्हती. नवरा भला माणूस होता. कोणत्या साइजचा, किती खोल विहीर, बारकाईनं विचारू लागला, आणि मी नसलेल्या विहिरीचे हात सांगू लागलो.

ती आतल्या दारातून आली. थोडी भरली होती, केसांत एखादा पांढरा. तिनं मला दातांवरूनच ओळखलं असणार, कारण तिची नजर आधी तिथंच गेली.

"सुटला नाही वाटते जी अजून?" ती म्हणाली, आणि नवऱ्याला सांगितलं, बाबाच्या ओळखीचे हायेत, पांढरकवड्याचे.

"काय, खर्रा?" नवरा एकदम मोकळा झाला. त्यानं गल्ल्याजवळची पन्नी उचलली. "मंग घ्या ना भाऊ. आमच्या इथल्यासारखा घोटेल तुमच्या तिकडं नाही भेटनार."

ती पाहत होती. मी नाही म्हणू शकलो असतो. पण इतक्या वर्षांनी तिच्यासमोर पुन्हा खोटा ठरण्यापेक्षा मी चिमूट घेतली. चांगली मोठी घेतली, सवयीच्या माणसासारखी. गालात धरायचा असतो हे ऐकून ठाऊक होतं, थुंकायचं असतं हेही ठाऊक होतं, पण तोंडात पाणी सुटलं आणि मी ते गिळलं. दुकान फिरलं. कपाळावर घाम आला, कान तापले, मी काउंटर धरलं.

"अहो थुका, गिळू नका," नवरा हसत होता. "तुमी तं भाऊ पयल्यांदाच खाऊन राह्यल्यासारखे करता." आणि फूटव्हॉल्व काढायला मागच्या गोदामात गेला.

ती हसली नाही. आत जाऊन पाण्याचा गिलास घेऊन आली, मी नालीवर चूळ भरून येईपर्यंत उभी राहिली. मग स्वतःच्या दातांकडे बोट नेऊन तिनं विचारलं, "मंग हे?"

"पान्याचे," मी म्हणालो. "गावचं पानी तसं होतं. लहानपनापासूनचे हायेत."

तिनं माझ्या हातातला गिलास घेऊन काउंटरवर ठेवला.

"लेकरं हायेत?"

"दोन."

"त्याईचे दात?"

"पांढरे हायेत. आता दुसरं पानी येते गावात, नळाचं."

"बरं झालं," ती म्हणाली. गिलास घेतला, आणि तो जिथं ठेवला होता ती ओली जागा पदरानं पुसली, आणि पुसून झाल्यावरही हात तिथंच ठेवला. मला पुष्कळ बोलायचं होतं. आता खोटंही मध्ये नव्हतं. पण त्या खर्ऱ्यानं उचकी लागली, एकामागून एक, आणि उचकीत माणूस काय बोलणार? नवरा फूटव्हॉल्व घेऊन आला. मी तो घेतला आणि निघालो.

उमरखेडच्या बसमध्येही उचकी थांबेना. मांडीवर फूटव्हॉल्व, शेजारी एक म्हातारी बाजाराची पिशवी घेऊन बसलेली. ती थोडा वेळ पाहत राहिली, मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "कोनीतरी लय आठवन काढून राह्यलं बापू तुह्यी."

"नाही माय," मी म्हणालो, "खर्ऱ्याची हाय."

हे खरं होतं. तरी मी मनातल्या मनात माणसांची नावं घेऊन पाहू लागलो. आमच्याकडे म्हणतात, ज्याचं नाव घेतल्यावर उचकी थांबते त्यानं आठवण काढलेली असते. आईचं घेतलं, बायकोचं घेतलं, मामाचंसुद्धा घेतलं. एक नाव तेवढं घेतलं नाही. घेतलं असतं आणि थांबली नसती तर?